कुटुंब नियोजन संस्थांचा परदेशी निधी : सही करण्याआधी करारात काय पाहायचं?

रामबाग (इंदूर)

आपल्यापैकी बरेच मराठी लोक इंदूरात कुठल्या ना कुठल्या आरोग्य न्यासावर विश्वस्त किंवा सल्लागार आहेत. दवाखाना, महिलांचं समुपदेशन, किशोरींचे वर्ग अशी कामं चालतात आणि त्यात कुटुंब नियोजन ओघानं येतंच. परदेशी देणगीदाराचा करार तीस-चाळीस पानांचा असतो, पण बैठकीत चर्चा होते ती रकमेच्या आकड्यावर. बाकीची पानं कुणी वाचत नाही. म्हणून हा धागा.

शाळेला वर्गखोली बांधून देणारा देणगीदार फार तर भिंतीवर नावाची पाटी मागतो. कुटुंब नियोजनात देणगीदार समुपदेशिकेनं समोरच्या बाईशी काय बोलायचं आणि काय नाही इथपर्यंत पोहोचतो. हा फरक विश्वस्तांच्या डोक्यात पक्का असायला हवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहूड फेडरेशन (पुढे नुसतं ‘फेडरेशन’ म्हणतो) स्थापन झाली १९५२ साली मुंबईत, भारतासह आठ देशांच्या संघटनांनी मिळून. धन्वंती रामा राव आणि मार्गारेट सँगर या तिच्या पहिल्या मानद अध्यक्षा. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया त्याआधीची, १९४९ ची. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. कर्व्यांच्या मागे देणगीदार नव्हता, त्यामुळे कुणाची भीड न धरता बोलता-लिहिता आलं; पण त्याच कारणानं काम एका माणसाच्या मिळकतीएवढंच राहिलं. फेडरेशन जगभर पसरली ती बरीचशी सरकारांच्या पैशावर, आणि १९८४ मध्ये त्याच पैशानं तिला पेचात धरलं.

माझं मत आधीच सांगतो. संस्थेची धोरण ठरवण्याची मोकळीक त्या एका मोठ्या होकार-नकाराच्या दिवशी जात नाही. ती बरीच आधी, अंदाजपत्रकाच्या रकान्यांतून आणि अहवालाच्या नमुन्यातून गेलेली असते. जाणकारांनी यावर तपशिलात लिहावं. अनुभवकथन नको, कलमं आणि आकडे हवेत.

लष्कर (ग्वाल्हेर)

१९८४ चा विषय निघालाच आहे तर तो नियम नीट मांडतो. अर्धवट माहितीमुळे नियमापेक्षा जास्त नुकसान होतं.

दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. पहिली, १९७३ ची हेल्म्स दुरुस्ती. अमेरिकी मदतीचा पैसा कुटुंब नियोजनाची पद्धत म्हणून केलेल्या गर्भपातावर खर्च करता येत नाही. हा कायदा आहे, अध्यक्ष कोणीही असो. देणाऱ्यानं स्वतःच्या पैशाला घातलेली ही अट आहे. पटो न पटो, समजण्यासारखी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मेक्सिको सिटी धोरण. ऑगस्ट १९८४ च्या लोकसंख्या परिषदेत रेगन सरकारनं ते जाहीर केलं. ते म्हणतं की परदेशी संस्थेनं अमेरिकी पैसा घेतला तर तिनं इतर कुणाच्याही, अगदी स्वतःच्या पैशातूनसुद्धा गर्भपाताची सेवा द्यायची नाही, त्याचा प्रचार करायचा नाही आणि कायदा सैल करण्याची मागणी करायची नाही. विरोधक याला मुस्कटदाबीचा नियम म्हणतात, आणि शब्द बरोबर आहे, कारण तो देणगीदाराच्या पैशापुरता थांबत नाही.

हे धोरण अध्यक्षांच्या आदेशावर चालतं, म्हणून चालू-बंद होतं. १९९३ मध्ये क्लिंटननी काढलं, २००१ मध्ये बुशनी आणलं, २००९ मध्ये ओबामांनी काढलं, २०१७ मध्ये ट्रम्पनी आणलं, २०२१ मध्ये बायडननी काढलं, जानेवारी २०२५ मध्ये परत आलं. प्रत्येक वेळी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत. दवाखान्याचा करार पाच वर्षांचा आणि धोरण चार-आठ वर्षांनी पालटणारं, तेव्हा एकाच कराराच्या आयुष्यात नियम उलटू शकतो हे गृहीत धरूनच चालायचं.

२०१७ चा फरक लक्षात ठेवा. तोवर नियम फक्त कुटुंब नियोजनाच्या निधीला होता, वर्षाला सुमारे ६० कोटी डॉलर. तेव्हा तो एचआयव्ही, क्षयरोग, मलेरिया, माता-बाल आरोग्य या सगळ्या जागतिक आरोग्य मदतीवर ताणला गेला आणि आवाका सुमारे ८८० कोटी डॉलरांवर गेला. म्हणजे क्षयरोगाचं काम करणाऱ्या संस्थेलाही सही करताना हे कलम दिसू लागलं.

स्नेहलतागंज (इंदूर)

पण दादा, आपल्याकडे तर १९७१ पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे, २०२१ मध्ये काही गटांतल्या स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत नेली. इथला कायदा परवानगी देतो ते तिथला करार कसा काढून घेऊ शकतो?

लष्कर (ग्वाल्हेर)

ताई, कायदा परवानगी देतो, सक्ती करत नाही. संस्थेनं राजीखुशीनं ‘आम्ही हे करणार नाही’ असं लिहून दिलं तर इथलं न्यायालय त्यात पडणार नाही. म्हणूनच सही करतानाच विचार हवा.

मूळ नियमात सवलतीही होत्या, त्या माहीत असणं फार गरजेचं. बलात्कार, निकटच्या नात्यातला संबंध आणि आईच्या जिवाला धोका हे अपवाद होते. गर्भपातानंतरच्या गुंतागुंतीवर उपचार करायला मुभा होती. आणि समुपदेशिका जागा सांगू शकत होती, म्हणजे गर्भपात कुठे होतो ते, पण चार अटींवर: बाई आधीच गरोदर आहे, कायदेशीर गर्भपात करायचा असं तिचं ठरलेलं आहे आणि ती तसं स्पष्ट म्हणते, सुरक्षित सोय कुठे आहे हे ती स्वतः विचारते, आणि त्या देशातल्या वैद्यकीय नीतीनुसार उत्तर देणं भाग आहे असं सांगणाऱ्याला वाटतं.

आता बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभ्या समुपदेशिकेला या चार अटी आठवतील का? नाही आठवत. मग ती सुरक्षित मार्ग धरते आणि काहीच बोलत नाही. अपवादात बसणारी बाईसुद्धा रिकाम्या हातानं परत जाते. नियमाच्या पलीकडे जाऊन पाळलेला नियम, हे या धोरणाचं सगळ्यात वाईट फळ आहे. त्यावर उपाय एकच: करारावर सही झाली की त्याच आठवड्यात एक पानाचा मराठी-हिंदी कागद तयार करायचा, ‘हे बोलता येतं, हे येत नाही’. तो वकिलाकडून तपासून समुपदेशन खोलीत ठेवायचा.

परिणामाचे आकडेही आहेत. २०१९ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये सहाराच्या दक्षिणेकडील २६ देशांचा अभ्यास आला. अमेरिकी निधीवर जास्त विसंबलेल्या देशांत, धोरण लागू असलेल्या काळात, कमी विसंबलेल्यांच्या तुलनेत गर्भपात सुमारे ४० टक्के वाढले आणि आधुनिक गर्भनिरोधकांचा वापर सुमारे १४ टक्के घटला. कारण सोपं आहे. तांबी आणि गोळ्या देणाऱ्या संस्थाच पैसा गमावून बसल्या.

हिशेबनीस (इंदूर)

रामबाग यांचा मुद्दा आकड्यांत मांडतो. उदाहरण काल्पनिक आहे, पण प्रमाणं अशीच असतात.

समजा प्रकल्पाचा थेट खर्च ४० लाख रुपये: नर्स, समुपदेशिका, औषधं, प्रवास. संस्थेचा वरखर्च, म्हणजे हिशेब, लेखापरीक्षण, जागा, वीज, संचालकाचा वेळ, खरा धरला तर १८ टक्के, ७ लाख २० हजार. देणगीदार वरखर्चाला देतो ७ टक्के, २ लाख ८० हजार. उरलेले ४ लाख ४० हजार कुठून येतात? संस्थेच्या गंगाजळीतून. गंगाजळी २२ लाखांची असेल तर असे पाच करार ती संपवतात. बाहेरून पाहणाऱ्याला संस्था वाढताना दिसते आणि आतून तिची नकार देण्याची ताकद आटत असते.

अमेरिकी सरकारी अनुदानात ज्यांचा वरखर्चाचा दर ठरवून घेतलेला नाही त्यांना सरसकट १० टक्के मिळत. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ केले. बऱ्याच खासगी देणगीदारांकडे याहून कमी मिळतात. वाटाघाटीत आधी हा दर मागा, पोस्टरवरच्या बोधचिन्हाचा आकार नंतर बघू.

दुसरं गणित महिन्यांचं. देणगीदार उद्या थांबला तरी दर महिन्याला टाळता येत नाही असा खर्च काढा. दवाखान्याचं भाडं, एक डॉक्टर, एक नर्स, एक समुपदेशिका, वीज, औषधं. समजा साडेतीन लाख. सहा महिन्यांचे होतात २१ लाख. एवढी मोकळी रक्कम असेल तर अट न पटल्यावर ‘नाही’ म्हणता येतं. एका महिन्याचीच असेल तर चर्चेत कितीही तत्त्वं मांडा, सही होणारच.

सहा महिने जास्त वाटतात का? २० जानेवारी २०२५ च्या आदेशानं अमेरिकेची परदेशी विकास मदत ९० दिवस थांबवली. काही दिवसांत काम थांबवण्याच्या नोटिसा जगभर गेल्या आणि त्याच वर्षी १ जुलैला यूएसएड ही परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारी संस्थाच गुंडाळली गेली. ज्यांच्याकडे तीन महिन्यांची रक्कम होती त्यांनाही ती पुरली नसती.

नारायणबाग (इंदूर)

हिशेबनीस काका, ही गंगाजळी परदेशी पैशातूनच का नाही साठवायची?

हिशेबनीस (इंदूर)

कारण ती मोकळी राहत नाही. परदेशी देणगीवरचं व्याजही परदेशी देणगीच धरलं जातं आणि ज्या कामासाठी आली त्याच कामाला लागतं. परदेशी योगदान कायद्याखालची नोंदणी स्थगित झाली तर न वापरलेल्या रकमेतले जास्तीत जास्त २५ टक्के, तेही परवानगी घेऊन, वापरता येतात. अडचणीच्या वेळी जी रक्कम गोठते तिला गंगाजळी कशी म्हणायची?

म्हणून ती देशी पैशातून उभी करावी लागते. धर्मादाय न्यासानं वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करायचे, १५ टक्के बाजूला ठेवता येतात. देशी उत्पन्न ३० लाख असेल तर वर्षाला साडेचार लाख. २१ लाखांना जवळपास पावणेपाच वर्षं लागतात. घाई करायची तर ‘ही रक्कम कायम निधीसाठी’ असं लेखी देणाऱ्या दात्यांकडून वेगळी देणगी घ्या. ते पत्र जपून ठेवा आणि रक्कम ठरवून दिलेल्या प्रकारांत, वेगळी ओळखता येईल अशी गुंतवा. पत्र नसेल तर लेखापरीक्षक ती साधी देणगी धरतो.

परदेशी योगदान कायद्याची २०२० ची दुरुस्तीही इथेच सांगतो. परदेशी रक्कम पहिल्यांदा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उतरते. तिथून इंदूरच्या खात्यात आणता येते. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. इथे एक चूक सर्रास होते: दवाखान्यातल्या डॉक्टरचा पगार लोक प्रशासकीय खर्चात टाकतात. नियमात तो सेवेचा थेट खर्च आहे. तो चुकीच्या रकान्यात गेला की मर्यादा ओलांडल्यासारखी दिसते आणि खुलासे देत बसावं लागतं.

दांडियाबाजार (बडोदा)

पैशाची बाजू आली. आता मोजमापाची, कारण धोरण तिथूनही फिरतं.

बहुतेक आंतरराष्ट्रीय देणगीदार ‘जोडपं-संरक्षण-वर्षं’ मोजतात, म्हणजे दिलेल्या साधनातून एका जोडप्याला गर्भधारणेपासून किती वर्षं संरक्षण मिळतं ते. १२० निरोध म्हणजे एक वर्ष. गोळ्यांची १५ पाकिटं म्हणजे एक. तीन महिन्यांच्या इंजेक्शनचे ४ डोस म्हणजे एक. एक तांबी, ३८०-ए, म्हणजे ४.६ वर्षं. नसबंदी म्हणजे जागतिक सरासरीनं १०, भारतासाठी १३. आता करारात लिहिलं असेल ‘वर्षाला अमुक इतकी संरक्षण-वर्षं’, तर १०० गाठायला २२ तांब्या पुरतात, किंवा १,५०० पाकिटं लागतात, किंवा १२,००० निरोध. नर्सला कुणी आदेश द्यावा लागत नाही. आकडाच तिला तांबीकडे ढकलतो.

शिवाय तांबी तिसऱ्या महिन्यात काढली तरी अहवालातला ४.६ आकडा तसाच राहतो, कारण लवकर काढणाऱ्या बायकांचा हिशेब त्या सरासरीत आधीच धरलेला आहे. हिशेबाच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. पण त्यामुळे रक्तस्राव होणारी बाई ‘काढून द्या’ म्हणत आली तर तिच्यासाठी अहवालात रकानाच नसतो. ज्याला रकाना नाही त्याला वेळ मिळत नाही.

म्हणून अहवालाच्या नमुन्यात दोन ओळी आपल्या बाजूनं घालून घ्या. एक, ‘तांबी काढली: संख्या आणि कारण’. दुसरी, बाईला विचारायचे तीन प्रश्न: दुसऱ्या पद्धतींबद्दल सांगितलं का? दुष्परिणाम सांगितले का? दुष्परिणाम झाले तर काय करायचं ते सांगितलं का? तिन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण हाच निर्देशांक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही असे प्रश्न आहेत, त्यामुळे देणगीदाराला ते परके वाटत नाहीत. ‘आम्ही हेही कळवू’ म्हटलं तर बहुतेक जण मान्य करतात. कुणी विचारतच नाही.

हे प्रमाण आपल्याकडे का महत्त्वाचं? २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशात विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्री-नसबंदीवर होत्या, आणि सगळ्या आधुनिक पद्धती मिळून ५६.५ टक्के. म्हणजे आधुनिक पद्धत वापरणाऱ्या तिघींतल्या दोघी एकाच, न उलटणाऱ्या पद्धतीवर. पाळणा लांबवायचा आहे अशा तरुण मुलीसाठी निवड अजून अरुंदच आहे.

जनकगंज (ग्वाल्हेर)

सगळा दोष देणगीदाराच्या माथी मारू नये असं मला ठामपणे वाटतं.

देणगीदाराची अट कधी कधी बाईच्या बाजूची असते. पेरूमध्ये अध्यक्ष फुजिमोरींच्या काळात गरीब बायकांच्या बळजबरीनं नसबंदी झाल्याच्या तक्रारी आल्या. १९९८ मध्ये अमेरिकेनं टिआर्ट दुरुस्ती केली: आपल्या पैशाच्या प्रकल्पात कुटुंब नियोजनाचं संख्येचं लक्ष्य ठेवायचं नाही, ते गाठल्याबद्दल कर्मचाऱ्याला बक्षीस नाही, पद्धत स्वीकारण्यासाठी बाईला आमिष नाही, नकार दिला म्हणून तिचा दुसरा लाभ बंद करायचा नाही आणि पद्धतीचे धोके तिला समजतील अशा भाषेत सांगायचे. ही अट मी डोळे मिटून मान्य करेन.

देशी पैसाही अटींशिवाय येत नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. ती सक्ती आपल्याच यंत्रणेनं केली. त्यानंतर १९७७ मध्ये खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं. १९९६ मध्ये लक्ष्यमुक्त धोरण आलं, पण पुढे ‘अपेक्षित कामगिरीची पातळी’ या नावानं आकडे परत आले. शिबिरांतल्या नसबंद्या बंद करा हे सर्वोच्च न्यायालयाला २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात सांगावं लागलं. आपल्या मध्य प्रदेशात पंचायत निवडणुकीला दोन मुलांची अट राज्यानंच घातली आणि २००५ मध्ये काढली.

रामबाग (इंदूर)

जनकगंज, हे पटलं. एक भर घालतो, कारण परदेशी दाब आणि देशी सक्ती नेहमी वेगळ्या नव्हत्या. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या जॉन्सन सरकारनं गव्हाची मदत थोडी थोडी सोडली आणि शेती सुधारणेबरोबर लोकसंख्या कार्यक्रमावरही जोर दिला. त्याच सुमारास लूप, म्हणजे तांबीआधीचं गर्भाशयात बसवायचं साधन, देशभर आला. बसवण्यामागे पैसे, पण रक्तस्राव झालेल्या बाईचा पाठपुरावा नाही. थोड्याच वर्षांत बायकांनी त्याकडे पाठ फिरवली. दांडियाबाजार यांनी सांगितलेला ‘काढली’चा रकाना तेव्हाही नव्हता.

लोकमान्यनगर (इंदूर)

पुरवठ्याची बाजू राहिली. पैसा नको म्हटला तरी माल कुठून येतो?

२०१३ मध्ये जॅडेल इम्प्लांटची (दंडात त्वचेखाली बसवायचं गर्भनिरोधक) किंमत १८ डॉलरवरून साडेआठ डॉलरवर आली, कारण देणगीदारांनी कंपनीला सहा वर्षांत २ कोटी ७० लाख नगांच्या खरेदीची हमी दिली. लाखो बायकांना चांगली पद्धत मिळाली, हे मोठं काम आहे. पण हमीचा माल खपवायचा म्हणजे प्रशिक्षण बसवण्याचं जास्त झालं. इम्प्लांट काही वर्षांनी काढावंच लागतं, आणि तोवर प्रकल्प संपलेला असतो. करारात ‘बसवलेलं प्रत्येक साधन काढण्याचा खर्च’ ही ओळ मागितलीच पाहिजे.

उलटा धक्काही बघा. २०२१ मध्ये ब्रिटननं संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीच्या गर्भनिरोधक पुरवठ्याचा वाटा १५ कोटी ४० लाख पौंडांवरून २ कोटी ३० लाखांवर आणला. आणि २०२५ मध्ये अमेरिकेनं बेल्जियमच्या गोदामातली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं जाळायचं ठरवलं. फेडरेशननं ती स्वखर्चानं उचलून वाटायची तयारी दाखवली, ती नाकारली गेली. त्या खोक्यांत कुणाची तरी दोन मुलांमधली तीन वर्षं होती. हे वाचून वाईट वाटलं नाही असा माणूस विरळाच.

एक जमेची बाजू. ‘छाया’ गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची आहे. आपल्या सरकारी केंद्रावर निरोध, गोळ्या, ‘अंतरा’ इंजेक्शन, तांबी मोफत मिळतात. दवाखान्याचा नेहमीचा माल तिथूनच घ्यावा, देणगीदाराचा माल वरकड समजावा.

नारायणबाग (इंदूर)

१९८४ आणि २०१७ ला फेडरेशन नाही म्हणू शकली, हे कसं जमलं?

लष्कर (ग्वाल्हेर)

पैसा अनेक सरकारांकडून येत होता म्हणून. २०१७ च्या नकारात सुमारे १० कोटी डॉलर जातील असा तिचा स्वतःचाच अंदाज होता. मेरी स्टोप्स इंटरनॅशनलनंही नकार दिला. नेदरलँड्सच्या मंत्री लिलियन प्लाउमेन यांनी ‘शी डिसाइड्स’ हा निधी त्याच वर्षी उभा केला. पण तो खड्डा पूर्ण भरला नाही, आणि जिथे एकाच दात्यावर दवाखाने चालत होते तिथे ते बंद झाले. नकार मुख्यालयानं दिला, त्याची झळ दूरच्या गावातल्या रुग्णाला बसली. हे नकार देणाऱ्यांच्या विरोधात म्हणत नाही. पण नकाराचा ठराव करताना ‘मग त्या रुग्णांचं काय’ हा परिच्छेद त्याच ठरावात हवा.

हिशेबनीस (इंदूर)

लहान संस्थांसाठी आणखी एक पेच. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेनं दुसरीला द्यायला बंदी आहे; सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य धरली. पूर्वी दिल्लीची मोठी संस्था देणगीदाराशी बोलायची, अहवालाचा भार उचलायची आणि इंदूरच्या लहान संस्थेला पुढे निधी द्यायची. आता दोनच मार्ग. एक, स्वतः नोंदणी घ्या: तीन वर्षांचं काम, तीन वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख खर्च, आणि पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांत जायला हवा. दोन, मोठ्या संस्थेचं ‘केंद्र’ व्हा, म्हणजे नर्स तिच्या पगारपटावर. दुसऱ्या मार्गात दवाखान्याची पाटी आपली राहते आणि धोरण त्यांचं होतं. विश्वस्तांनी हे समजून उमजून ठरवावं. नकळत व्हायला नको.

स्नेहलतागंज (इंदूर)

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी?

हिशेबनीस (इंदूर)

देशी आहे, परदेशी योगदान कायदा लागत नाही, संस्थेला असा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी लागते. पण कंपनीला वादाचा विषय नको असतो. माता-बाल आरोग्य, रक्तक्षय यांना पैसे सहज मिळतात; अविवाहित मुलींच्या समुपदेशनाला क्वचित. तो पैसा दवाखान्याच्या यंत्रसामग्रीला वापरा आणि समुपदेशिकेचा पगार लोकवर्गणीतून, स्वतःच्या पैशातून द्या. सगळ्यात आधी जिच्या तोंडाला कुलूप लागतं ती जागा कुणाच्याही अटीखाली नसावी.

दांडियाबाजार (बडोदा)

हे शेवटचं वाक्य मी आमच्याकडच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

जनकगंज (ग्वाल्हेर)

आता कलमं. वाटाघाटीत हलू शकतात अशी सांगतो.

करार संपवण्याचं कलम: ‘देणगीदार ३० दिवसांच्या सूचनेनं’ असतं. ९० दिवस मागा. ते नसेल मान्य तर ‘सूचनेआधी बांधून घेतलेला खर्च, म्हणजे कर्मचाऱ्यांचा सूचनाकाळ, भाडं आणि चालू रुग्णांचा पाठपुरावा, देय राहील’ एवढी ओळ तरी घाला. या ओळीवरून करार मोडत नाही.

प्रसिद्धीचं कलम: ‘पूर्वसंमतीशिवाय काहीही छापता येणार नाही’ याऐवजी ‘१५ दिवस आधी मसुदा पाठवू, मत कळवावं, अंतिम निर्णय संस्थेचा’. संमती आणि मत यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरं, अटींची व्याप्ती. ‘या प्रकल्पाच्या निधीतून’ आणि ‘संस्था कोणत्याही निधीतून’ हे दोन शब्दप्रयोग शोधा. दुसरा दिसला की तो करार वेगळ्या बैठकीत, पूर्ण विश्वस्त मंडळापुढे जायला हवा. एकट्या सचिवाची सही त्यावर नको.

चौथं, माहितीची मालकी. बायकांची नावं, फोन, पत्ते देणगीदाराला जाता कामा नयेत. एकत्रित आकडे जावेत. आणि कच्ची आकडेवारी आपल्याकडेच राहावी. अनेक देशांची लोकसंख्या सर्वेक्षणं अमेरिकी निधीवरच्या ज्या डीएचएस कार्यक्रमावर उभी होती तो २०२५ च्या सुरुवातीला निधी थांबताच ठप्प झाला. दुसऱ्याच्या संगणकावर ठेवलेली आपली माहिती अशीच एका दिवसात दिसेनाशी होऊ शकते.

नारायणबाग (इंदूर)

प्रकल्प थांबलाच तर चालू रुग्णांचं काय, हे कुणीतरी सविस्तर लिहा ना.

दांडियाबाजार (बडोदा)

लिहिते. याची तयारी करार सुरू होतानाच करायची, बंद होताना नाही.

रजिस्टरमध्ये तीन वेगळ्या याद्या ठेवा. पहिली ‘अंतरा’ घेणाऱ्यांची, पुढच्या डोसच्या तारखेसह. डोस दर तीन महिन्यांनी असतो, म्हणून ही यादी सगळ्यात निकडीची. प्रकल्प मार्चअखेर थांबणार असेल तर एप्रिल ते जूनची नावं आधी काढा. दुसरी, गेल्या महिनाभरात तांबी बसवलेल्यांची, कारण रक्तस्राव, दुखणं, तांबी सरकणं याची पहिली तपासणी याच काळात असते. तिसरी, गोळ्यांवर असलेल्यांची. त्यांना शेवटच्या भेटीत तीन महिन्यांची पाकिटं देऊन ठेवा.

प्रत्येकीच्या हातात तिचं कार्ड द्या: पद्धत, तारीख, पुढची तारीख, आणि तांबी असेल तर ३८०-ए दहा वर्षं चालते हे वर्ष घालून. कार्डावर जवळच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव लिहा. त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याशी आधी बोलून घ्या आणि साठ्यात ‘अंतरा’ आहे का ते स्वतः पाहून या. यादी परस्पर केंद्राला देऊ नका. बाईला विचारा, घरी माहीत नसलेल्या बायका यात बऱ्याच असतात. ती हो म्हणाली तरच नाव द्या, नाही म्हणाली तर फक्त कार्ड द्या आणि ते कुठे ठेवणार हे तिचं तिला ठरवू द्या.

हिशेबनीस (इंदूर)

याचा खर्च अंदाजपत्रकात ‘समारोप’ या नावानं पहिल्याच वर्षी टाका: एका नर्सचा दोन महिन्यांचा पगार, कार्डांची छपाई, केंद्रापर्यंतचा प्रवास. शेवटच्या वर्षी मागितला तर मिळत नाही, पहिल्या वर्षी मागितला तर कुणी हरकत घेत नाही.